‘सगळंच नको वाटतं’ म्हणजे नेमकं काय नको वाटतं?

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता. संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या बजाजनगरच्या चौकात सकाळी सहाला आम्ही कंपनीच्या बसची वाट बघत उभे होतो. माझ्या शेजारी मंठ्याकडचा एक पोरगा होता. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, वय तेवीस, कॉन्ट्रॅक्टवर लागून दीड वर्ष झालेलं. तो असेंब्ली लाईनवर, मी स्टोअरमध्ये. आईनं भरून दिलेला चिवड्याचा डबा अजून त्याच्या पिशवीतच होता. वळणावर बस दिसली तसा तो म्हणाला, “दादा, ही बस बघितली की पोटात गोळा येतो बघा. सोडून देऊ का नोकरी?”

मी लगेच काही बोललो नाही. बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारत फिरलो होतो. डी.एड. करून शिक्षक व्हायचं होतं, भरती निघत नव्हती, म्हणून परभणी जिल्ह्यातलं गाव सोडून वाळूजला आलो आणि स्टोअरमध्ये खोकी मोजायला लागलो. तेव्हा घरचे म्हणाले, मिळालीय ती धर, लोकांना तीही मिळत नाही. मित्र म्हणाले, मन लागत नसेल तर सोड. सगळे मायेनंच सांगत होते, पण मला कुणाचाच उपयोग झाला नाही. नोकरी धरून बसल्यानं पोटातला गोळा जात नव्हता, आणि सोडली असती तर खोलीचं भाडं भागलं नसतं.

त्या संध्याकाळी त्या पोराला घेऊन चहाच्या टपरीवर बसलो. म्हटलं, काय नको वाटतं ते सांग. तो म्हणाला, “सगळंच.” मग बिस्किटपुड्याचा कागद उलटा करून त्याच्या हातात दिला आणि एकेक गोष्ट लिहायला लावली. अर्ध्या तासात पाच ओळी झाल्या. सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देतो. उद्याची शिफ्ट बदलली हे आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. आठ तास तोच कनेक्टर, तीच वायर. शिकलो एक, करतोय एक. पाचवी ओळ लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला: चुलतभाऊ पोलिसात लागला, आता गावात गेलं की जो तो विचारतो, परमनंट झाला का?

नावडती नोकरी म्हणजे बहुतेक वेळा असं पाच-सहा निराळ्या दुखण्यांचं गाठोडं असतं. गाठ बांधलेली असते तोवर ते उचलत नाही. गाठ सोडून बघितली की कळतं, यातलं एक दुखणं कायद्याचं आहे, एक झोपेचं, एक कामाच्या रचनेचं, आणि एकाचा तर नोकरीशी काही संबंधच नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं. या विषयावर जगभर सत्तरएक वर्षं अभ्यास चालू आहे. त्यातलं जे मला वाचून पटलं आणि वापरून बघता आलं, ते इथं सांगतो.

पोटदुखी थांबली म्हणजे जेवण झालं असं नाही

समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं आपोआप वर येतं, असं आपण धरून चालतो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला तसं दिसलं नाही. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांना दोन साध्या गोष्टी विचारल्या: कामावर फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं तो सांगा. 1959 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम, पगार, कामाची जागा हे वारंवार आलं. बरं वाटण्याच्या प्रसंगांत वेगळंच होतं: एखादं अवघड काम तडीस गेलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, ते काम करण्यातच गोडी वाटली.

म्हणजे कॅन्टीनचं जेवण सुधारलं, शेडमध्ये पंखे लागले, साहेब नीट बोलायला लागला, तर कुरकुर थांबते. ती थांबायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण त्यानं सकाळी उठून कामावर जावंसं वाटेलच असं नाही. पोटदुखी थांबणं आणि पोट भरणं यात जेवढा फरक, तेवढाच इथं आहे. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे उत्तरं आपोआपच अशी दोन बाजूंना विभागली गेली असतील, असा आक्षेप आला. तो आक्षेप मला रास्त वाटतो. तरी स्वतःची तक्रार तपासायला ही विभागणी फार उपयोगी आहे. आपल्याला काही टोचतंय, की काही मिळत नाहीये? टोचत असेल तर काटा काढायचा. मिळत नसेल तर काटा काढूनही हात रिकामेच राहणार.

पगाराचं यात विशेष बघायला हवं. मला पहिली वाढ मिळाली तेव्हा घरी पेढे नेले होते. तिसऱ्या महिन्यात ती वाढ कुठे गेली ते कळलंही नाही. मन सुखाला फार लवकर सरावतं. ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या 22 जणांची त्याच भागातल्या इतर लोकांशी तुलना केली होती. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. माणसं 22च होती, त्यामुळे यावरून फार मोठं काही ठरवता येत नाही. आणि ज्याच्या घरी महिना 25 तारखेला संपतो त्याला ‘पैशानं सुख मिळत नाही’ हे ऐकवणं तर सरळ क्रूरपणा आहे. तिथं पैसा हेच औषध असतं.

आपलं काही चालतं का?

सगळ्यात जास्त अभ्यास झालेली गोष्ट हीच आहे, आणि आपल्याकडे हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या पाहण्या तपासून रॉबर्ट कारासेक यानं 1979 साली एक साधी मांडणी केली. कोणत्याही कामाकडे दोन बाजूंनी बघायचं. कामाचा रेटा किती, आणि ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक किती. तूर-सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातल्या मुनिमाला जेवायला वेळ नसतो. रेटा प्रचंड. पण आधी कुणाचं वजन, आधी कुणाच्या हिशेबाची पट्टी, हे तो ठरवतो. थकतो, पण खचत नाही. याच्या उलट एटीएमच्या दारात बारा तास बसणारा वॉचमन. रेटा काहीच नाही आणि मोकळीकही नाही. त्याचं मन हळूहळू बधिर होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेटा जास्त, मोकळीक शून्य. दर 50 सेकंदांनी पुढचा पीस समोर येतो, लघवीला जायचं तर कुणालातरी उभं करून जायचं, उद्या कोणत्या शिफ्टला यायचं तेही माहीत नाही. कारासेकच्या म्हणण्याप्रमाणे ताण साठतो तो इथं.

याचा शरीराशी किती जवळचा संबंध आहे ते ब्रिटनमध्ये दिसलं. लंडनच्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास 1967 साली सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो, आणि मायकेल मार्मट या डॉक्टरांचं नाव त्याच्याशी जोडलं गेलंय. मोठ्या साहेबांवर ताण जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असं तेव्हा लोक समजत. आकडे उलटे निघाले. सगळ्यात खालच्या श्रेणीत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरला. 1985 साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातून एक महत्त्वाचं कारण पुढे आलं: कामावर स्वतःचं काही न चालणं.

हे वाचलं तेव्हा मला माझे पहिले चार महिने आठवले. काम अवघड नव्हतं, पण रॅकला हात लावायचा तर विचारून. एका दुपारी साहेब रजेवर असताना मी रोज लागणारा माल वरच्या खणातून काढून कमरेच्या उंचीला आणला, क्वचित लागणारा वर टाकला, आणि बिन कार्डं, म्हणजे कोणत्या खणात कोणता माल किती आहे याची कार्डं, पुन्हा लिहून काढली. सांगितलं कुणीच नव्हतं. घड्याळात बघितलं तर अडीच वाजले होते आणि डबा तसाच होता. त्या कंपनीत वेळेचं भान सुटलं तो माझा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आणि रॅक तसेच राहिले.

म्हणून त्या पोराला पहिलं सांगितलं ते हे: तुझ्या कामात बोटभर तरी जागा अशी शोध जिथं तुझं चालेल. नसेल तर माग. आणि एकटा मागू नकोस. त्यांच्या लाईनवरच्या चौघांनी मिळून लाईन इन्चार्जला दोन गोष्टी विचारल्या. दर दोन तासांनी आम्ही आपसात जागा बदलू का? आणि आठवड्याच्या शिफ्ट शनिवारी सांगाल का? पहिली गोष्ट लगेच मान्य झाली, कारण त्यात कंपनीचं काही जात नव्हतं. दुसरीला ‘बघू’ म्हणाले. अजूनही कधी शनिवारी कळतं, कधी आदल्या रात्री. पण दोन तासांनी कनेक्टर बदलतो, शेजारचा माणूस बदलतो, आणि हा बदल आम्ही आणला हे त्या चौघांना माहीत आहे.

जातं आणि ओवी

माझी आई लग्न करून आली तेव्हा गावात गिरणी नव्हती. पहाटे चारला उठून ज्वारी दळायची. ते काम तिनं निवडलं नव्हतं, त्याला सुट्टी नव्हती, दाद देणारंही कुणी नव्हतं. जात्याचा दगड बदलता येत नव्हता, दळणाचा पायलीचा हिशेबही बदलत नव्हता. पण ओवी कोणती गायची हे तिचं होतं. कधी भावासाठी, कधी विठ्ठलासाठी, कधी माहेरच्या वाटेसाठी, आणि सासूबद्दलचं जे उघड बोलता येत नव्हतं तेही ओवीत घालून. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या, माजलगावच्या बायांच्याही त्यात आहेत. न निवडलेल्या कामात माणूस स्वतःचं काय घालू शकतो, याचा एवढा मोठा पुरावा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

अमेरिकेत एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या दोघींनी 2001 साली हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. त्यांच्यासमोर एका रुग्णालयातले सफाई कर्मचारी होते. काम तेच, पगार तोच. काही जण म्हणत, फरशी पुसणं यात काय कसब? आणि काही जणांनी त्याच कामाला आपल्या हातानं आकार दिला होता. कुणाला भेटायला कुणीच येत नाही हे त्यांच्या लक्षात असायचं, तिथं ते दोन मिनिटं जास्त थांबायचे. बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांमधली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलणारीही एक जण होती, त्यांना थोडा बदल जाणवला तर बरं म्हणून. नेमून दिलेल्या कामांच्या यादीत यातलं काही नव्हतं.

त्या दोघींनी याचे तीन मार्ग सांगितले आहेत: कामात थोडा फेरफार करणं, कामावरच्या माणसांशी असलेलं नातं बदलणं, आणि कामाकडे बघायची नजर बदलणं. माझा अनुभव असा की पहिले दोन खरे, तिसरा एकट्यानं आला तर घातक. ‘तुम्ही खोकी उचलत नाही, देश घडवताय’ असं पोस्टर आमच्या गेटवरही लागलेलं आहे. ते वाचून कुणाची कंबर दुखायची थांबली नाही. नजर बदलते, पण हातानं काही बदललं त्यानंतर. मी नव्या पोरांना आवक नोंद करायला शिकवायला लागलो. चलन कसं वाचायचं, वजन आणि नग यांचा मेळ कसा घालायचा, खोटी सही कधीच का करायची नाही. हे काम माझ्याकडे कुणी सोपवलेलं नव्हतं. मला शिक्षक व्हायचं होतं आणि समोर न शिकवलेली पोरं होती, एवढंच. वर्षाला सात-आठ जण तयार होतात. त्यातला एक आता चाकणला स्टोअर इन्चार्ज आहे, राखीला गावी आला की घरी येऊन जातो.

पण जात्याची गोष्ट इथं थांबवली तर ती खोटी ठरेल. गावात गिरणी आली त्या पहिल्याच दिवशी आई डोक्यावर पाटी घेऊन गिरणीवर गेली. नंतर लग्नाकार्यात जात्याची पूजा केली, हळद दळली, पण ज्वारी घेऊन त्याच्यापुढे पुन्हा कधी बसली नाही. मी एकदा विचारलं, आठवण येते का गं त्याची? ती म्हणाली, “हात सुजायचे रं माझे. त्याची काय आठवण काढायची?” ओव्या मात्र तिला अजून पाठ आहेत.

म्हणून कुणी ओवीचं कौतुक करून बाईला जात्यापाशीच बसवून ठेवत असेल, तर त्याचं ऐकू नये. कामात समाधान शोधणं आणि ते काम सुटावं म्हणून धडपडणं, ही दोन्ही एकाच माणसानं एकाच वेळी करायची असतात.

चेहऱ्याचं काम

हा भाग कारखान्यातल्यांना कमी लागू आहे, पण काउंटरवर, शोरूममध्ये, कॉल सेंटरला, बचत गटांच्या कर्जवसुलीला असणाऱ्यांना फार. आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की हसरा चेहरा ठेवणं हेही श्रमच आहेत, आणि ते विकले जातात. आत चीड आणि वर हसू असं दिवसभर वागलं की माणूस रिता होतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं. समोरच्याची बाजू खरोखर मनात आणून आतूनच थोडं मऊ होता आलं, तर थकवा त्या मानानं कमी येतो.

माझा एक मित्र बँकेत काउंटरवर आहे. जूनमध्ये पीककर्जाची रांग लागली, तेच कागद, तेच प्रश्न, की त्याचा आवाज चढायचा आणि घरी जाऊन तो स्वतःवरच चिडायचा. एक दिवस रांगेत त्याच्या वडिलांसारखाच मळका रुमाल बांधलेले एक काका होते. तेव्हापासून तो रांगेतल्या प्रत्येक पाचव्या-सहाव्या माणसाला बसायला सांगतो आणि गाव विचारतो. काम तेवढंच राहिलं. घरी आल्यावर आता तो बायकोशी बोलतो.

घरी आल्यावरही कंपनी डोक्यात

दिवसाचे आठ-नऊ तास नावडत्या कामात जातात, पण खरं नुकसान पुढच्या सहा तासांत होतं, कारण काम डोक्यात घेऊन आपण घरी येतो. साबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. सुट्टीच्या वेळेत ज्यांचं मन कामापासून सुटतं ते कमी थकलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी कामालाही ताजे असतात. गंमत अशी की ज्यांच्या कामात ताण जास्त, त्यांनाच हे सुटणं जास्त गरजेचं आणि त्यांनाच ते जास्त अवघड.

मन का सुटत नाही? अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 सालीच मांडलं होतं. पुढे 2011 साली मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. काम पूर्ण करायची गरज नाही, ते केव्हा आणि कसं करायचं एवढा नेमका बेत ठरवला तरी मन त्याला धरून बसणं सोडतं. हे मी रोज करतो. शिफ्ट संपायच्या आधी पाच मिनिटं, वहीत तीन ओळी: काय राहिलं, उद्या कधी करणार, कुणाला विचारणार. वही कपाटात, कपाटाला कुलूप. बसमध्ये कंपनीचा विषय काढायचा नाही, हा आम्ही तिघांनी ठरवलेला नियम आहे, आणि तो मोडला की चहा पाजावा लागतो.

रिकाम्या वेळेत नुसतं पडून मोबाईल बघण्यापेक्षा जिथं आपल्याला काही जमतं, कुणी आपली वाट बघतं, आणि सांगायला साहेब नसतो, अशा ठिकाणी जाणं कितीतरी बरं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे संशोधक माणसाच्या मनाच्या तीन मूळ गरजा सांगतात: स्वतःच्या मर्जीनं वागणं, काहीतरी नीट जमणं, आणि माणसांशी जोडलेलं असणं. या तिन्ही नोकरीतच भागल्या पाहिजेत अशी सक्ती कुणी केलेली नाही. वाळूजजवळच्या रांजणगावात आमच्या गल्लीत शुक्रवारी भजन असतं. तिथला मृदंग वाजवणारा दिवसा कंपनीत प्रेस मशीनवर असतो, आणि शुक्रवारी रात्री त्याच्याकडे बघून हा प्रेसवरचा माणूस आहे असं कुणाला वाटणार नाही. मी रविवारी सकाळी गल्लीतल्या सातवी-आठवीच्या पोरांचं गणित घेतो. कुणी सुट्टीला गावी जाऊन दोन एकर सोयाबीनच्या बांधावर उभा राहतो, तेवढ्यानं त्याचा आठवडा निघतो.

झोपेबद्दल एकच सांगतो. शिफ्ट फिरताना फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट अशी पुढे सरकली तर शरीराला सोपं जातं, उलटी फिरली तर जड जातं. तुमच्याकडे उलटी फिरत असेल तर ती सरळ करायची मागणी करा. कंपनीला त्यात फारसा खर्च येत नाही. आणि अनेकदा ‘नोकरी नको वाटते’ असं जे वाटतं ती चार दिवसांची साचलेली झोप असते. त्या पोराच्या कागदावरची दुसरी ओळ निम्मी तरी तीच होती.

जिथं मन समजावायचं नाही

आता त्या कागदाची पहिली ओळ. आईवरून शिव्या.

यावर मनाचा कोणताही उपाय मी त्याला सांगितला नाही आणि कुणी सांगूही नये. शिवीगाळ, पगार अडवणं, ओव्हरटाइम साध्या दरानं देणं, गार्ड नसलेल्या मशीनवर उभं करणं, बायकांशी घाणेरडं बोलणं, या गोष्टी सहन करायला शिकणं हे समाधान नाही. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे. पीएफ भरला जातोय का ते आपल्या यूएएन, म्हणजे पीएफच्या नंबरवरून पासबुकात बघता येतं, दर दोन महिन्यांनी बघावं. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 पासून आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईलाही तिथं जाता येतं. शिव्यांबद्दल आम्ही त्याला तारखा आणि शब्द वहीत लिहून ठेवायला लावले, दोघांना साक्षीला घेतलं, आणि एचआरला लेखी दिलं. सुपरवायझर अजून तोच आहे. त्याचा आवाज खाली आलाय.

माझी वहिनी गावात आशा सेविका आहे. तिला विचारा, काम आवडतं का? गरोदर बाईला सोबत घेऊन दवाखान्यात जाणं, लेकराचं वजन करणं हे तिला जिवापेक्षा प्रिय आहे. मोबाईलवरच्या नोंदी आणि वेळेवर न येणारं मानधन नको वाटतं. आवडतं काम आणि नावडती नोकरी, दोन्ही एकाच साडीत. 2024 च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशांनी संप केला. मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, आणि त्यानंतर राज्य सरकारनं मानधनात 5,000 रुपयांची वाढ दिली. त्या बायांना कुणी ‘आहे त्यात सुख माना’ असं पटवलं असतं, तर ते 5,000 आले नसते.

आणखी एक फरक ओळखावा लागतो. फक्त नोकरीच नाही, सणवार, लेकरं, आवडीचं जेवण, कशातच जीव लागेना, झोप उडाली किंवा नुसती झोपच येते, मरणाचे विचार येतात, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर ते आजारपण असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. टेली मानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. विचार जास्तच दाटून येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच वेळी फोन करा. फोन लावताना लाज वाटते, मला माहीत आहे. बीपीची गोळी घेताना वाटत नाही ना.

परमनंट झाला का?

पाचव्या ओळीचं सांगायचं राहिलं. तिच्यात कंपनीचा काही दोष नव्हता. पोरगा लाईनवर उभा राहून कनेक्टर बसवत असतो आणि मनात पारावरच्या लोकांना उत्तर देत असतो. आपल्या भागात पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, त्यामुळे सरकारी नोकरीला जी किंमत आली ती उगाच आली नाही. त्यामागे दुष्काळ आहेत, कर्ज आहे, लेकीच्या लग्नाची काळजी आहे. म्हणून पारावरच्या म्हाताऱ्यांवर मला राग धरता येत नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर रोज मनातल्या मनात द्यायची गरज नाही. मी त्याला म्हटलं, एक वाक्य ठरवून ठेव, सगळ्यांना तेच सांग. त्यानं ठरवलं: “काम चालू हाय काका, अन् अभ्यासबी चालू हाय.”

अभ्यास खरंच चालू करायचा होता. चौथी ओळ, शिकलो एक आणि करतोय एक, तिचं दुसरं औषध नव्हतं. आम्ही हिशेब मांडला. खोलीभाडं, डबा, गावी पाठवायचे पैसे, गाडीचा हप्ता. महिन्याला किती बाजूला पडले तर सहा महिन्यांचा खर्च साठेल? सव्वा दोन वर्षं निघाली. हप्ता जूनमध्ये संपत होता, तो संपल्यावर तेच पैसे बाजूला टाकले तर दीड. आकडा ऐकून तो खट्टू होईल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटं. दार किती लांब आहे हे कळल्यावर खोलीत बसवतं. महावितरणमध्ये विद्युत सहायकाची भरती निघते, त्यासाठी इलेक्ट्रिशियनचा आयटीआय चालतो. त्यानं जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या.

परवा फर्स्ट शिफ्टला आम्ही एकाच बसमध्ये होतो. त्याच्या मांडीवर वायरिंगचं पुस्तक उघडं होतं आणि तो खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला होता. गेट आलं. मी दोन मिनिटं थांबलो, सगळे उतरेपर्यंत, मग त्याला उठवलं. त्यानं पान दुमडलं, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि विचारलं, “दादा, इंटरमीजिएट स्विच म्हणजे टू-वेचाच प्रकार ना? जिन्याला बसवतात तो?” मी म्हटलं, मला वायरिंगमधलं काही कळत नाही, पण दुपारी जेवताना मला शिकव.